सोबत कोण?

गेल्या रविवारी सकाळी (माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ) मुकुटबनहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आई, बाबा, मोठी आई, चुलतभाऊ, वहिनी आणि कोपऱ्यात अर्धीच दिसणारी पुतणी. एवढी मंडळी एका चौकटीत दिसली की समजायचं, एकतर कुणीतरी गेलं आहे किंवा माझ्या हातून काहीतरी गुन्हा घडला आहे. या वेळी गुन्हा होता. तोही २०२३ सालचा!

मामला असा. पुतणी बारावी झाली. तिला नागपूरला खोली करून राहायचं आहे, तिथेच बी.एस्सी. करायचं आणि जोडीला स्पर्धा परीक्षेचा क्लास. घरच्यांचं म्हणणं, वणीला कॉलेज आहे ना, रोज एसटीनं जा-ये कर. वाद वाढला तसं पोरीनं हुकमाचं पान टाकलं, "आत्या तं एकटी बेटावर जाऊन आली, मी तं नुसती नागपूरले चालली." झालं! दादा माझ्याकडे वळला, "पाय, तुझ्यामुळं." आणि मोठ्या आईनं तो प्रश्न विचारला जो ती दोन वर्षं विचारते आहे, "काहून वो बाई, तुले तेव्हा सोबतीले कोणीच भेटलं नाही का?"

या प्रश्नानं माझं डोकं फिरतं. एरवी विकांताला मी साधंसुधं काहीतरी खरडते, आज मात्र भांडायचं आहे.

आधी गुन्ह्याचा तपशील. नोव्हेंबर २०२३, थँक्सगिव्हिंगचा आठवडा. हापिसातली रिलीज एकदाची बाहेर पडली होती, टीममधले सगळे टर्की खायला आपापल्या घरी पांगले होते. माझं इथं न्यू जर्सीत घर म्हणजे एक खोली आणि एक राइस कुकर. न्यूयॉर्कहून साधारण पाच तासांचं विमान पकडलं आणि त्रिनिदादला गेले. गुरुवारी गेले, रविवारी परत. बास. (एच-वनवाल्यांसाठी जाता जाता: त्रिनिदादला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागला नाही, पण अमेरिकेत परत यायला पासपोर्टवरचा शिक्का चालू हवा. कॅनडा-मेक्सिकोची ती तीस दिवसांची सवलत कॅरिबियन बेटांना एच-वनवर लागू नव्हती. आधी नियम तपासा, मग तिकीट काढा.)

त्रिनिदादच का? त्याला कारणीभूत बाबा. १९७१ साली बाबा चौदा वर्षांचे होते आणि गावसकर नावाचा मुलगा पोर्ट ऑफ स्पेनला पहिली कसोटी खेळत होता. ६५ आणि नाबाद ६७. वेस्ट इंडिजला आपण पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. पुन्हा तिथेच पाचव्या कसोटीत १२४ आणि २२०, मालिकेत एकूण ७७४ धावा. हे आकडे मला बाराखडीच्या आधी पाठ झाले असावेत. क्वीन्स पार्क ओव्हल हे आमच्या घरात शेजारच्या पाटण किंवा झरीइतकंच ओळखीचं नाव. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, विदर्भाबाहेर फार गेले नाहीत, पण त्या मैदानाच्या मागे डोंगर दिसतात हे त्यांना माहीत होतं. म्हणजे बघा, मैदान आमचं, गावसकर आमचा, पण लेक तिथे एकटी गेली म्हणताच ते बेट एकदम परदेशी आणि भलतंच लांब झालं!

चार दिवसांत मी काय केलं? मैदानाचा बाहेरून फोटो काढला. रस्त्यावर उभं राहून डबल्स खाल्ले (मऊ तळलेले दोन बारे, त्यात छोले, वर झणझणीत मिरचीची चटणी; आपल्याकडे कुणी गाडी टाकली तर लाखो कमवेल). कॅरोनीच्या दलदलीत होडीत बसून संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरताना पाहिले. समुद्रात बांधलेलं देऊळ पाहिलं. त्याबद्दल पुढे. उरलेला वेळ झोपले. हो, झोपले. स्वतःचा शोध वगैरे घेतला नाही. मी हरवले नव्हते.

परत आल्यावर दोन प्रकारची माणसं भेटली.

पहिला प्रकार घरचा. सोबत कोण होतं? कोणीच नाही? मग फोटो कोणी काढले? (हा प्रश्न बघा. यात तपास आहे.) दुसरा प्रकार हापिसातला. "वॉव, एकटी? किती ब्रेव्ह आहेस गं!" लंचच्या टेबलावर दोन देसी मुलींनी मला जवळजवळ टाळ्याच वाजवल्या. मग त्यातलीच एक म्हणाली की तिच्या नवऱ्यानंही तिला मैत्रिणींबरोबर जायला 'परमिशन' दिली आहे, तो या बाबतीत फार कूल आहे.

माझं म्हणणं असं, की हे दोन्ही प्रकार आतून एकच आहेत. एकाच फॉर्ममधल्या एकाच रकान्याकडे दोघं बघताहेत. रकान्याचं नाव 'सोबत'. घरच्यांना तो रिकामा दिसला की एरर येते. हापिसातल्यांना रिकामा दिसला की मेडल द्यावंसं वाटतं. हा रकाना फक्त बायकांच्याच फॉर्मवर का छापला आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझा एक मावसभाऊ चार मित्रांबरोबर बँकॉकला जाऊन आला. त्याला सोबत होती म्हणूनच खरं तर जास्त प्रश्न विचारायला हवे होते. एकानंही विचारला नाही.

आणि धाडसाचं म्हणाल तर माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं, परतीचं तिकीट होतं, फोनला रोमिंग होतं. यात धाडस कसलं? आजकाल 'स्वतःला शोधा' म्हणून बायकांना एकटीच्या सहली विकणारे पॅकेजवाले निघालेत, त्यात एक गाइड आणि वीस 'एकट्या' बायका असतात. विकोत बापडे. पण पगाराला धाडस म्हणू नका.

आता जरा इतिहासात जाऊ, कारण ही भानगड माझ्यापासून सुरू झालेली नाही.

फेब्रुवारी १८८३. बंगालमध्ये श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी उभ्या राहिल्या. वय अठराच्या आत. वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या होत्या आणि लोकांनी इतकं भंडावलं होतं, की शेवटी जाहीर सभेत इंग्रजीतून उत्तरं द्यायची वेळ आली. त्यांनी लोकांचे सहा प्रश्न घेतले. अमेरिकाच का, इथे शिकायची सोय नाही का, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय, वगैरे. आणि त्यात एक प्रश्न अगदी सरळ होता: एकटी का जातेस? बाईंनी उत्तर दिलं, की आधी नवरा-बायको दोघंच जाणार होतो, पण पैसे पुरेसे नाहीत आणि गोपाळरावांवर आईवडील नि धाकट्या भावंडांची जबाबदारी आहे. म्हणजे जगाच्या पाठीवर डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला घरचं बजेट भर सभेत मांडून दाखवावं लागलं! एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, मिशनरी बायकांच्या सोबतीनं. रकाना भरला गेला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याच हुगळीच्या काठी, थोडं खाली गार्डन रीचला, त्याच काळात दुसऱ्या बायका बोटीत चढत होत्या. त्रिनिदादला, गयानाला, जमैकाला. गिरमिटावर, म्हणजे करारावर, उसाच्या मळ्यांत राबायला. पहिलं जहाज 'फातेल रझाक' ३० मे १८४५ ला त्रिनिदादला लागलं आणि १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशी आली. १८७० च्या सुमारापासून सरकारी नियम होता, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात. तो कोटा भरताना दलालांच्या नाकी नऊ यायचे. मग कोण मिळायचं? विधवा, टाकलेल्या, नवऱ्याच्या घरातून पळालेल्या, दुष्काळात देशोधडीला लागलेल्या. त्यांतल्या कितीतरी खरोखरच एकट्या होत्या. (बहुतेक बिहार-अवधकडच्या आणि काही मद्रासकडच्या. आपली मराठी माणसं त्या काळात मॉरिशसला गेली.)

गायुत्रा बहादुर या गयानात जन्मलेल्या पत्रकार बाईंनी आपल्या पणजीचा माग काढत 'कुली वुमन' हे पुस्तक लिहिलं, २०१३ साली आलं. पणजीचं नाव सुजरिया. १९०३ मध्ये ती कलकत्त्याहून 'द क्लाइड' या जहाजात चढली. एकटी. आणि गरोदर. बाळंत झाली ती समुद्रावर. या लोकांच्या सरकारी पासवर बापाचं नाव, जात, जिल्हा, ठाणं, गाव, अंगावरची खूण, लग्न झालं असल्यास कोणाशी, असे रकाने असत. कोणीतरी कारकुनानं ते भरले. पण 'बाई, तू एकटी का जातेस' म्हणून कोणी सभा भरवली नाही. कोणत्याही सभागृहात तिला सहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली नाहीत.

इथं माझी ट्यूब पेटली. आनंदीबाईंना प्रश्न विचारला गेला कारण त्यांच्यात कुणाची तरी अब्रू गुंतली होती. सुजरियाला विचारला गेला नाही कारण तिच्यात कुणाचीच गुंतलेली नव्हती. प्रश्न जर काळजीचा असता तर कुणाला आधी विचारायला हवा होता? अठरा वर्षांची विद्यार्थिनी, जिच्याबरोबर मिशनरी बायका आहेत, तिला? की पोटुशी बाई, जी तीन महिन्यांच्या प्रवासाला मजुरांच्या जहाजात एकटी चालली आहे, तिला?

पटत नसेल तर माझ्या तालुक्यात चला.

झरी जामणी. यवतमाळ जिल्ह्याचं टोक, खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. कापूस, सोयाबीन, चुनखडी, मुकुटबनचा सिमेंटचा कारखाना. आणि कोलाम पोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून जरा सुटी. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांची नोंद महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये होते. या तालुक्याचं नाव जालावर शोधलंत तर कापसाच्या आधी एक शब्द सापडेल: कुमारी माता. गेली वीसेक वर्षं वर्तमानपत्रं हा शब्द छापताहेत. ठेकेदार, व्यापारी, कामानिमित्त आलेले बाहेरचे लोक, लग्नाचं आमिष, आणि पोरगी गरोदर राहिली की पोबारा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली कडेवर पोर घेऊन राहिल्या. विधानसभेत प्रश्न निघाले, पाहणी दौरे झाले, पुनर्वसनाच्या घोषणा झाल्या.

तो शब्दच बघा ना. कुमारी माता. मुलाला आई आहे, तिचं लग्न झालेलं नाही, एवढी माहिती त्या दोन शब्दांत आली. मग बाप? 'कुमार पिता' किंवा 'फरार बाप' असा मथळा मी तरी आजवर वाचलेला नाही. समस्या झरीची, समस्या कोलामांची, समस्या मुलींची. जो आला आणि गेला त्याच्या तालुक्याला मात्र कसलंही नाव चिकटलं नाही.

आणि या मुली कुठं गेल्या होत्या? कोणत्या बेटावर? कुठंच नाही. आपल्याच पोडावर होत्या, आपल्याच रानात, मजुरीच्या कामावर. गाव सोडलं नाही, रात्रीचं फिरल्या नाहीत, जीन्स घातली नाही, इन्स्टावर फोटो टाकले नाहीत. पहाटे काळोखात त्या एकट्या कामाला निघत तेव्हा आमच्या मुकुटबनातल्या कुणीही थांबवून विचारलं नाही, काहून वो बाई, तुझ्या सोबतीले कोणी नाही का? आमच्या घरातल्यांनीही नाही. मीही नाही. माझ्या वर्गात पोडावरची एक मुलगी होती. सातवीनंतर ती यायची बंद झाली. आम्ही हजेरीत तिचं नाव यायचं थांबेपर्यंत 'गैरहजर' म्हणून एका सुरात ओरडायचो. एवढाच आमचा पाठपुरावा.

म्हणून मला तो प्रश्न सहन होत नाही. माझ्यासारखीला तो हजारदा विचारला जातो आणि जिला विचारायची गरज होती तिला कुणी एकदाही विचारत नाही. याला काळजी म्हणायला मी तयार नाही. हा मालकीचा प्रश्न आहे. ही कोणाची, आणि काही झालं तर मान कोणाची खाली जाणार, एवढंच त्यातून विचारायचं असतं.

आता समोरचा मुद्दा, आणि तो खरा आहे: धोका असतोच ना? असतो. त्रिनिदाद काही नंदनवन नाही. जेमतेम १४ लाख वस्तीच्या देशात २०२२ साली सहाशेच्या वर खून झाले. मी तो आकडा वाचून गेले होते. हॉटेलनं सांगितलेलीच टॅक्सी घेतली, अंधार पडायच्या आत परतले, लोकेशन एका मैत्रिणीला चालू ठेवलं होतं. हे सगळं पुरुषानंही करावं, तिथे खून बहुतेक पुरुषांचेच होतात. पण 'बाहेर धोका, घरात सुरक्षित' हे जे गृहीतक आहे ना, ते आपल्याच सरकारी आकड्यांत टिकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल काढून बघा. बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे 'सोबत' या रकान्यात आपण ज्यांची नावं भरतो, तीच यादी. इंजिनिअर म्हणून सांगते, ज्या सर्व्हरवर नव्वद टक्के बिघाड होतात तो सोडून आपण भलत्याच सर्व्हरला कुलूप लावून बसलो आहोत.

आमच्याकडे तर वाघही आहे. शेजारी पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात २०१६ ते २०१८ तेरा माणसं गेली, मग नोव्हेंबर २०१८ मध्ये ती अवनी वाघीण मारली. त्या दिवसांतही बायका कापूस वेचायला जातच होत्या. वेचणी किलोवर असते, वाघ आहे म्हणून कुणी भाव वाढवून देत नाही. त्यांना कुणी ब्रेव्ह म्हटलं नाही.

समुद्रातल्या देवळाचं राहिलंच. वॉटरलू म्हणून गाव आहे. तिथं शिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुरानं १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये ते पाडलं आणि साधूला तुरुंगात घातलं. तो बाहेर आला आणि म्हणाला, ठीक, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना? मग सायकलवरून दगडमाती वाहून समुद्रात भराव घालत बसला, वीस-पंचवीस वर्षं. मी गेले तेव्हा ओहोटी होती, चिखलात बगळे होते, वाऱ्यावर झेंड्या फडफडत होत्या. कठड्यावर एक बाई बसली होती, सत्तरीची, आपल्याकडची कुठलीही आजी शोभेल अशी. हिंदी येत नव्हतं, इंग्रजीही माझ्या कानाला अर्धंच कळणारं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं... ओळखा पाहू काय?

"एकटीच आलीस?"

मला हसूच फुटलं. मी म्हटलं हो, आणि तुम्ही? ती म्हणाली, मुलगा गाडी लावायला गेलाय. मग बोलत बसलो. तिची पणजी जहाजातून आली होती. गाव माहीत नाही, नवरा होता की नव्हता माहीत नाही. "कुणाला विचारायचं धाडस झालं नाही," म्हणाली. "एकटी आली एवढंच घरात सांगतात." ते 'एकटी' तिनं ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आमच्या घरात कधी ऐकू आलेला नाही. आमच्याकडे एकटी म्हटलं की पुढे 'बिचारी' तरी येतं नाहीतर 'मोकाट' तरी. तिचा सूर सातबारा दाखवणाऱ्या माणसासारखा होता.

असो. तर रविवारचा कॉल.

दादानं तोडगा काढला होता. पोरीला नागपूरला पाठवतो, पण मोठी आई वर्षभर तिच्या खोलीवर राहील. सोबत म्हणून. मागच्या वर्षी हीच सोबतीची व्यवस्था एका परीक्षेला झाली होती. तेव्हा सोबत माझे बाबा होते. नागपूरच्या स्टँडवर उतरल्यावर बाबांची साखर कमी झाली, पोरीनं त्यांना बसवून बिस्किटं खाऊ घातली, रिक्षा ठरवली, केंद्राबाहेर झाडाखाली त्यांची सोय लावली आणि मग धावत आत जाऊन पेपर लिहिला. घरी सांगताना मात्र 'आजोबांनी परीक्षेला नेलं' असंच सांगितलं जातं. बाबा स्वतःसुद्धा तसंच सांगतात.

मोठी आई काही बोलेना. मग मी मुद्दामच विचारलं, "मोठ्या आई, या वर्षी माहूरला जाऊन आलीस का?"

तर ऐका. मोठी आई दर वर्षी रेणुकेला माहूरला जाते. पैनगंगेपलीकडे, दोनदा एसटी बदलून. एकटी. वयामुळं तिला आधीपासूनच अर्धं तिकीट होतं. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझी आईही अधूनमधून वणी, पांढरकवडा, कधी माहेर असं उगाचच करून येते. (त्या निर्णयाला मतांचं राजकारण म्हणून नावं ठेवणाऱ्या माझ्या शहरी मित्रांनो, तुमच्या सगळ्या सोलो-ट्रिप लेखांपेक्षा त्या अर्ध्या तिकिटानं जास्त बायका घराबाहेर काढल्या असतील.)

"गेल्ती ना," मोठी आई म्हणाली, "पौर्णिमेले."

कोपऱ्यातून पुतणी सरकत पूर्ण चौकटीत आली. "आजी, तुझ्यासंगं कोण होतं?"

"मले कोण पाहिजे? देवीले जातो मी."

"एकटीच ना?"

मोठी आई थांबली. दादा भिंतीकडे बघत होता, वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती, बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुकुटबनचं नेटवर्क नेमकं तेव्हाच अडकलं आणि सगळे तसेच पुतळ्यासारखे दिसत राहिले, पाच-सहा सेकंद तरी. आवाज परत आला तेव्हा मोठी आई पोरीलाच विचारत होती, "तिथं खोलीचं भाडं किती म्हणते ते लोक? अन् स्टँडपासून किती दूर हाय?"